‘त्यांच्यात तसंच असतं’ म्हणण्याऐवजी मुलांना काय सांगावं?

प्रश्न एका आईचा आहे. लिफ्टमध्ये नकाब घातलेल्या एक बाई शिरल्या. साडेपाच वर्षांच्या लेकीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आई, या काकूंनी तोंड का लपवलंय? त्या चोर आहेत?” आईनं तिचा दंड दाबला, “शूऽऽ” केलं आणि बाहेर पडल्यावर चांगलंच झापलं. तेव्हापासून मुलगी काही विचारत नाही, पण तशा वेशातलं कुणी दिसलं की आईच्या मागं लपते. त्यात परवा शाळेतून निरोप आला, की डोक्याला पटका बांधून येणाऱ्या वर्गातल्या एका शीख मुलाला ती आणि तिच्या दोन मैत्रिणी ‘चेंडू’ म्हणून चिडवतात. आईचं म्हणणं, “आम्ही घरात कधी कुणाच्या धर्माबद्दल वाईट बोलत नाही. मग हे आलं कुठून? आणि वेगळ्या वेशाचा आदर करायला तिला शिकवू कसं?”

मी गेली २२ वर्षं शाळांमधून मुलांचं समुपदेशन करते आहे. हा प्रश्न दरवर्षी वेगवेगळ्या वेशात माझ्याकडे येतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक दिलासा. ‘त्या चोर आहेत का’ हा अनादर नव्हता, तर्क होता. तिनं आजवर चित्रांत आणि कार्टूनमध्ये तोंड बांधलेली जी माणसं पाहिली ती चोर-दरोडेखोरच असणार. हाताशी होती तेवढ्या माहितीवर तिनं अंदाज बांधला आणि तो बरोबर आहे का, हे जिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे तिला विचारलं. साडेपाच वर्षांच्या मुलीनं याहून शहाणपणाचं काय करायला हवं होतं?

बिनसलं ते त्यानंतर. तुमचा हात घट्ट झाला, आवाज बदलला, नजर खाली गेली. मुलं शब्दांच्या आधी हे वाचतात. तिला तुमच्याकडून उत्तर मिळालं, फक्त ते तुम्हाला द्यायचं होतं ते नव्हतं. तुम्हाला म्हणायचं होतं, ‘असं बोलल्यानं त्यांना वाईट वाटेल.’ तिनं ऐकलं, ‘या बाईंमध्ये असं काहीतरी आहे की आईसुद्धा घाबरते.’ त्यानंतर ती मागं लपायला लागली, यात मला नवल वाटत नाही.

चेहरा झाकलेल्या माणसाला लहान मूल बिचकतं, त्याला आणखी एक कारण आहे आणि त्याचा धर्माशी काही संबंध नाही. १९६९ साली रीटा डीव्हरीस या संशोधिकेनं तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर एक गमतीशीर प्रयोग केला होता. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर होतं. मुलांनी त्याला कुरवाळलं, खेळवलं. मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपूट मुलांच्या डोळ्यांसमोरच होती, तरी तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या मते आता ते कुत्रं झालं होतं. सहा वर्षांची मुलं मात्र ‘हे मांजरच आहे, मुखवटा घातलाय’ हे ठामपणे सांगत होती. दिसणं बदललं तरी आतलं तेच राहतं, ही समज मुलांना हळूहळू येते, आणि तुमची लेक अगदी त्या उंबरठ्यावर आहे. चेहरा झाकला की माणूस गेला, असं तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला अजून वाटत असणार.

त्यावर उपदेश कामाचा नाही, खेळ कामाचा आहे. घरी एक छोटा टॉवेल घ्या. नाकापासून खाली चेहरा झाका आणि हसा. मग रागवा, जांभई द्या, रडण्याचं सोंग करा. ‘मी आत्ता काय करतेय?’ एवढाच खेळ. हसताना डोळ्यांच्या कडांना कशा बारीक सुरकुत्या पडतात ते मुलं दोन-तीन वेळांत पकडतात. मग तिची पाळी. आठवडाभर रोज पाच मिनिटं हे केलं, की झाकलेल्या चेहऱ्याच्या आत माणूस असतो हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. २०२० साली मास्क आले तेव्हा सगळ्या जगानं हा खेळ नाइलाजानं खेळून पाहिला आहे. यात एक पथ्य पाळा. टॉवेल हा टॉवेलच राहू द्या, ‘बघ, मी त्या काकूंसारखी झाले’ असं म्हणू नका. ते का, ते पुढे येईल.

आता ‘आम्ही घरात वाईट बोलत नाही’ याबद्दल. यावर माझा उलट प्रश्न असतो: मग बोलता काय? बहुतेक घरांतून उत्तर येतं, ‘काहीच नाही.’ आणि गोम तिथंच आहे. मेघन पॅटरसन आणि रिबेका बिगलर यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पालकसभेत आवर्जून सांगते. तीन ते पाच वर्षांच्या ८७ मुलांना लाल किंवा निळा गट दिला आणि त्या त्या रंगाचे शर्ट घालायला लावले. काही वर्गांत शिक्षिका सतत रंगाचा उल्लेख करायच्या, ‘लाल मुलांनो, रांग करा’ वगैरे. बाकीच्या वर्गांत रंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलं होतं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या वर्गांत आपल्या रंगाची तळी उचलणं काही बाबतींत जास्त होतं, हे अपेक्षितच. पण ज्या वर्गांत कुणी काहीच बोललं नव्हतं, तिथल्या मुलांनाही आपला रंग उजवा वाटायला लागला होता. नुसते शर्ट पुरले. मोठी माणसं गप्प बसली म्हणून मुलांचे डोळे बंद होत नाहीत. दिसणाऱ्या फरकाचा अर्थ ती आपला आपण लावतात, आणि तो बहुधा आपल्या बाजूनंच लावतात. चेंडू कुठून आला, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुणी शिकवला नाही. रिकामी जागा होती, ती तिनं भरली.

तेव्हा बोलायचं. पण काय?

लिफ्टपासूनच सुरू करू, कारण असा प्रसंग पुन्हा येणार आहे. मुलीनं ज्या आवाजात विचारलं त्याच आवाजात, कुजबुज न करता उत्तर द्यायचं. “नाही गं, चोर नाहीत. त्यांनी नकाब घातलाय. काही मुस्लिम बायका बाहेर जाताना चेहरा झाकतात, त्यांच्या धर्मावरच्या श्रद्धेमुळे. आपण घरी गेलो की आणखी बोलू.” आणि मग त्या बाईंकडे पाहून साधं “नमस्कार” किंवा नुसतं हसणं. माफी मागावीशी वाटली तर एका वाक्यात, “लहान आहे, विचारत असते,” आणि विषय संपला. लांबलचक दिलगिरीनं त्या बाईंवरच आपली समजूत काढायची वेळ येते. माझ्या अनुभवात अशा प्रसंगी दहापैकी आठ बायका स्वतःच मुलीशी बोलतात. उरलेल्या दोघी बोलत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्या लिफ्टनं वर निघाल्यात, शिकवणी घ्यायला नव्हे.

या उत्तरातले दोन शब्द मी जाणूनबुजून वापरलेत, ‘नकाब’ आणि ‘काही’.

नाव महत्त्वाचं, कारण ज्याला नाव नाही त्याला टोपणनाव मिळतं. चेंडू, गाठोडं, भूत, ही सगळी नाव माहीत नसल्याची लक्षणं आहेत. आणि नाव नेमकं हवं. केस आणि मान झाकणारा तो हिजाब, डोळे सोडून चेहरा झाकणारा तो नकाब, डोक्यापासून पायापर्यंतचा तो बुरखा. आपण मोठी माणसं सरसकट सगळ्याला बुरखा म्हणतो आणि मग मुलांकडून बारकाव्याची अपेक्षा करतो. तसंच पगडीचं. लहान शीख मुलं बहुधा पटका बांधतात, म्हणजे डोक्यावरच्या केसांच्या बुचड्याभोवती घट्ट बसणारं कापड. मोठेपणी पाच-सहा मीटर लांबीची दस्तार येते आणि ती बांधायला शिकणं हा मोठा टप्पा असतो.

‘काही’ हा शब्द त्याहून महत्त्वाचा. आपल्या भाषेत एक वाक्य फार सहज तोंडात येतं: ‘त्यांच्यात तसंच असतं.’ बोलणाऱ्याच्या मनात तिरस्कार नसतो, उलट समजूतदारपणाच असतो. पण मुलाच्या कानाला त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, ‘ते’ नावाची वेगळी जात आहे. दोन, त्यातले सगळे एकसारखे आहेत, आतून. हा माझा भाषिक शुचितेचा हट्ट नाही. मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली चार वर्षांच्या मुलांना ‘झार्पी’ नावाच्या काल्पनिक लोकांचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. काहींना ‘झार्पी अमुक किड्याला घाबरतात’ असं सांगितलं, काहींना ‘हा झार्पी अमुक किड्याला घाबरतो’ असं. चित्रं तीच. पहिल्या गटातल्या मुलांना तो गुण झार्पींच्या रक्तातच आहे असं वाटण्याचं प्रमाण जास्त निघालं. मोठ्या माणसांवर करून पाहिलं तरी तेच. म्हणून घरात एक नियम करून बघा. ‘त्यांच्यात’ आणि ‘आपल्यात’ या दोन शब्दांना महिनाभर सुट्टी. ‘काही ज्यू पुरुष किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, घालतात’, ‘माझी एक मैत्रीण हिजाब घालते, तिची बहीण नाही घालत’. पहिला आठवडा जीभ अडखळते, हे स्वानुभवानं सांगते.

मग मूल विचारणार, का? इथं पालकांची पंचाईत होते, कारण आपल्यालाच माहीत नसतं. माहीत नसेल तर तसं सांगा, पण ठोकून देऊ नका. ‘उन्हापासून बचाव व्हावा म्हणून’ हे उत्तर मी इतक्या वस्त्रांबद्दल ऐकलं आहे, की जगातले सगळे धर्म उन्हाळ्यातच जन्मले असावेत असं वाटावं. मूल श्रद्धेचं उत्तर पचवू शकतं. खरी उत्तरं उन्हाच्या उत्तरापेक्षा कितीतरी रंजकही असतात. पारशी मुलं नवजोतनंतर, म्हणजे धर्मदीक्षेच्या विधीनंतर, अंगात सुद्रा नावाचा पातळ सदरा घालतात, त्याच्या गळ्यापाशी एक चिमुकला खिसा असतो, आपली चांगली कामं साठवायला. कमरेला बांधायचा पवित्र गोफ, म्हणजे कस्ती, लोकरीच्या ७२ धाग्यांचा असतो आणि त्याचे तीन वेढे घेतात: चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृती. त्या खिशाची गोष्ट मी ज्या ज्या मुलांना सांगितली, त्यांतल्या बहुतेकांनी आपल्याला पण तसा खिसा हवा म्हटलं. काही जैन साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात ती बोलताना बारीकशा जिवालाही इजा होऊ नये म्हणून. काही ज्यू लोकांच्या कपड्याच्या चार कोपऱ्यांना गोंडे असतात, ते पाहून धर्माच्या आज्ञा आठवाव्यात म्हणून. रुमालाला गाठ मारून ठेवण्यासारखं, असं मी मुलांना सांगते. केस न कापणं ही शीख धर्मातली देवानं दिलेलं जसंच्या तसं राखण्याची खूण आहे. १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापला, त्याच्या पाच ककारांमधला, म्हणजे ‘क’नं सुरू होणाऱ्या पाच खुणांमधला हा एक: केश, कंगवा, कडं, कच्छेरा (आखूड चड्डी) आणि किरपाण (छोटी तलवार).

आणि हो, काहीच न नेसणं हाही धार्मिक वेश असू शकतो. दिगंबर जैन मुनींना पाहून मुलं खुदकन हसतात आणि पालकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं. हसू आलं म्हणून मारू नका. “त्यांनी स्वतःचं म्हणून असलेलं सगळं सोडून दिलंय, कपडेसुद्धा,” एवढं सांगा. सात-आठ वर्षांचं मूल यावर जरा वेळ गप्प होतं, मग विचारतं, “खेळणीपण?” तिथून फार छान गप्पा होतात.

सुरुवात मात्र स्वतःच्या घरापासून करा. कपाळावरचा टिळा, गळ्यातला क्रॉस, दंडावरचा ताईत, जानवं, डोक्यावरचा पदर, तुमच्या घरात जे असेल ते. नसेल काही, तर ‘आपण असं काही घालत नाही’ हेसुद्धा. मुलाला आपल्या घरातलं सगळं ‘नेहमीचं’ वाटतं आणि दुसऱ्याचं ‘वेगळं’. आजीच्या गळ्यातली माळ पहिल्यांदा पाहणाऱ्या कुणा मुलालाही प्रश्न पडेल, हे एकदा कळलं की नजरेचा कोन बदलतो.

आता हात लावण्याबद्दल, कारण चिडवण्यापासून ओढण्यापर्यंत फार अंतर नसतं. माझा नियम साधा आहे: अंगावर जे आहे ते अंगच. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. यात पटका येतो, हिजाब येतो, तशीच मैत्रिणीची वेणी, कुणाचा चष्मा, कानातलं श्रवणयंत्रही येतं. धर्माचा वेगळा कप्पा न करता हा नियम सांगितला की मुलांना तो लगेच पटतो, कारण आपली वेणी ओढलेली कुणालाच आवडत नाही.

एकदा एका शाळेत मधल्या सुट्टीत दुसरीतल्या मुलाचा पटका ओढला गेला. मी पोचले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. केस अर्धे खांद्यावर आलेले, दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं. शिक्षिकेनं सद्‌हेतूनंच ओढणाऱ्या मुलाला तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर माफी मागायला उभं केलं होतं. त्यामुळे पन्नास मुलं गोळा झाली होती. त्या क्षणी त्या पोराला माफी नको होती. त्याला एक बंद खोली, एक कंगवा आणि आईला फोन हवा होता, कारण पटका त्याला स्वतःला बांधता येत नव्हता. कुणी वेश ओढला तर आधी आडोसा द्या, मग वेश नीट करायला मदत, आणि न्यायनिवाडा त्यानंतर. शिक्षक वाचत असतील तर हे लक्षात ठेवा.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते. कामाला लागून वर्षच झालं असेल. चौथीच्या वर्गात एकच शीख मुलगा होता. ‘आपल्या मित्राकडूनच जाणून घेऊ’ असं म्हणून मी त्याला पुढे बोलावलं आणि पगडीबद्दल सांगायला लावलं. तो उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिला. शेवटी म्हणाला, “आई बांधते.” आणि जागेवर जाऊन बसला. पुढे कित्येक दिवस तो मला पाहिलं की वाट बदलायचा. मला वाटत होतं, मी त्याला मान देतेय. मी त्याला अख्ख्या धर्माचा वकील केला होता, वयाच्या नवव्या वर्षी, कुठलीही पूर्वसूचना न देता. तेव्हापासून कुठल्याही मुलाला त्याच्या वेशाचं स्पष्टीकरण मी चारचौघांत मागत नाही. त्यानं आपणहून सांगितलं तर कान देऊन ऐकते.

याच कारणासाठी ‘आज सगळ्यांनी पगडी बांधून बघू’, ‘एक दिवस हिजाब’ अशा उपक्रमांना माझा विरोध आहे. अनेक चांगले शिक्षक ते करतात, हेतूही चांगलाच असतो. पण मुलं मजेत कापड गुंडाळतात, फोटो काढतात, तासाभरानं काढून टाकतात. जे मूल रोज ते बांधतं त्याला दिसतं, की माझी श्रद्धा यांच्यासाठी नाटकाचा पोशाख आहे. कापड घालून पाहिल्यानं कापडाचा स्पर्श कळतो. ते घालून रोज बसमध्ये चढताना काय वाटतं, ते त्यातून कळत नाही. टॉवेलच्या खेळात काकूंचं नाव घेऊ नका म्हटलं ते म्हणूनच.

नऊ-दहा वर्षांच्या पुढे प्रश्नांची धार बदलते. “पण तिला घरच्यांनी जबरदस्ती केली असेल तर?” हा प्रश्न मुलीच जास्त विचारतात. त्याला बगल देऊ नका, आणि ‘नाही, नाही, सगळ्या आपल्या मर्जीनंच घालतात’ असं गोड खोटंही सांगू नका. खरं हे आहे, की काही जणी मनापासून निवडतात, काही घरच्या सवयीनं घालतात, काहींवर सक्ती असते, आणि नुसतं पाहून यातलं काय ते कळत नाही. इराणमध्ये डोकं न झाकल्याबद्दल बायकांना शिक्षा झाल्या आहेत. फ्रान्समध्ये २००४च्या कायद्यानं सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी आहे, म्हणजे तिथल्या मुलीला शाळेच्या दारात हिजाब काढावा लागतो. हे दोन नियम मी सातवी-आठवीच्या मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवते आणि विचारते, दोन्हीकडे ठरवतंय कोण? वर्गात पाच मिनिटं शांतता नांदत नाही, पण वाद फार कसदार होतो. आदर म्हणजे प्रत्येक प्रथेला मान डोलावणं नव्हे, हे मुलांना सांगायला मी कचरत नाही. प्रथेबद्दल प्रश्न विचारता येतात. समोर बसलेल्या मुलीच्या डोक्यावरच्या कापडाची मात्र टिंगल करता येत नाही, मग ते तिनं निवडलेलं असो वा नसो. सक्तीचं असेल तर टिंगल दुप्पट लागते.

या वयाच्या मुलांना खऱ्या खटल्यांची गोडीही लागते. ब्रिटनमध्ये एका शीख मुलाला पगडी उतरवून केस कापल्याशिवाय शाळेत घेणार नाही असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, मुलाच्या बाजूनं निकाल दिला. कॅनडात शाळेत किरपाण नेण्यावरून वाद झाला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सरसकट बंदी रद्द ठरवली. मात्र किरपाण म्यानात, शिवलेल्या कापडात, कपड्यांच्या आत राहील अशा अटींवर. हा दुसरा खटला मला जास्त आवडतो, कारण त्यात शाळेची सुरक्षिततेची काळजीही कुणी हसण्यावारी नेली नाही. खेळवेड्या मुलांना फिफाचं उदाहरण द्या. डोकं झाकून फुटबॉल खेळायला २०१४ साली रीतसर परवानगी मिळाली, बास्केटबॉलमध्ये २०१७ साली. आधी बंदी होती ती इजा होईल या कारणानं. मग डोक्याला घट्ट बसेल असं कापड वापरायचे नियम केले आणि अडचण सुटली.

घरातल्या मोठ्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो असतोच. जेवताना आजोबा सहज म्हणून जातात, “आज बसमध्ये एक गाठोडं शेजारी बसलं होतं,” आणि सगळे हसतात. त्यांना तिथं नातीसमोर फैलावर घेऊ नका, त्यानं गाठोडं बाजूला राहतं आणि भांडण लक्षात राहतं. पण गप्पही बसू नका. “बाबा, तो शब्द नको ना. हिच्या वर्गात पटका बांधणारा मुलगा आहे,” एवढं हलक्या आवाजात पुरे. नंतर मुलीशी एकटीशी बोला. आजोबा तिचे लाडके आहेत आणि तो शब्द चुकीचा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे साडेपाच वर्षांच्या मुलीला कळतं. मोठ्यांनाच ते जड जातं. फोनवर येणारे विनोद तर मुलं आपल्या खांद्यावरून वाचत असतात. तुम्ही पुढे पाठवलात की नाही, त्यापेक्षा वाचून हसलात का, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता ताबडतोब करायच्या गोष्टी. आज रात्री झोपवताना लिफ्टचा विषय तुम्ही काढा, ती काढणार नाही. “त्या दिवशी तू चांगला प्रश्न विचारला होतास आणि मी उगीच रागावले. मला काय उत्तर द्यावं ते पटकन सुचलं नाही.” मग नकाबचं उत्तर द्या. आईनं चूक कबूल केली की बंद झालेलं दार उघडतं. मी हे कितीतरी घरांत पाहिलं आहे. ती पटकन काही बोलली नाही तर ताणू नका, दोन-चार दिवसांत एखादा भलताच प्रश्न येईल. “नकाब घालून चहा कसा पितात?” असा. तो आला की समजा, गाडी रुळावर आली. आणि उत्तर अगदी साधं आहे: बाहेर असल्या तर कापड जरा उचलून, घरात असल्या तर आपण पितो तसाच, कारण घरच्यांत नकाब नसतोच. माझ्याकडची एक मुलगी हे ऐकून इतकी खूश झाली, की तिनं ते वर्गभर सांगितलं. तिला इतके दिवस वाटत होतं, त्या बायका झोपतानाही तशाच झोपतात.

चेंडूबद्दल बोलताना “तुला कुणी असं म्हटलं तर?” या प्रश्नानं सुरुवात करू नका, तो आता इतका झिजलाय की मुलं उत्तर पाठ म्हणून दाखवतात. त्याऐवजी माहिती द्या: तो पटका आहे, त्याखाली लांब केस आहेत, ते तो कधीच कापत नाही, रोज सकाळी कुणीतरी ते विंचरून बांधून देतं. लांब केस विंचरताना किती ओढतात ते तिला ठाऊक असेल. मग सरळ सांगा, “त्याचं नाव आहे, त्या नावानं हाक मारायची. चेंडू म्हणायचं नाही.” मर्यादा घालताना आवाज ठाम हवा, चढलेला नको.

माफीचं कार्ड रंगवून द्यायला लावू नका. वर्गात सगळ्यांसमोर कार्ड घ्यायची वेळ त्या मुलावर येईल आणि तो दिवस पुन्हा त्याच्या डोक्यावरच्या कापडाचाच होईल. शिक्षिकांना मात्र भेटा आणि एक विनंती करा: पुढच्या गटकामात या दोघांना एकत्र ठेवा, आणि काम असं द्या जे एकट्यानं पुरं होणार नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली लिहून ठेवलं, की नुसतं शेजारी बसून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एकत्र मिळून करायचं हवं, दोघांना एकच गोष्ट तडीस न्यायची हवी आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. पहिलीच्या वर्गात याचा अर्थ ठोकळ्यांचा एक पूल, चार हात, आणि ठोकळे दोघांत निम्मे-निम्मे वाटलेले. शिक्षिकांना हेही सांगा, की त्या मुलाच्या घरी तुम्हाला फोन करायचा आहे, नंबर देण्याआधी त्यांना विचारून घ्या. फोनवर पटक्याबद्दल काही विचारू नका. “माझी मुलगी तुमच्या मुलाला चिडवत होती, आम्ही तिच्याशी बोललोय, पुन्हा कानावर आलं तर मला थेट कळवा,” एवढं सांगा आणि ते काय म्हणतात ते ऐकून घ्या.